जमिनीखालच्या पाण्याचा उमेदवार

केळी पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,७४२ रोपं बसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एकराला रोज जवळपास पस्तीस हजार लिटर. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात हे गणित कोणाला शिकवावं लागत नाही. फक्त लिटरमध्ये कोणी बोलत नाही, तासांत बोलतात. ‘आज मोटार पाच तास चालली, बागेचं भागलं’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

आणि हे ठिबकचं गणित आहे, हे आधीच सांगते. देशात ठिबक जिथे लवकर आणि मनापासून स्वीकारलं गेलं, त्यात जळगाव जिल्हा पुढे आहे. भवरलाल जैन यांनी जळगावातून उभा केलेला उद्योग हे त्याचं मोठं कारण. माझे आजोबा दांडाने पाणी भरायचे, बाग भिजायला दिवस अन्‌ रात्र लागायची. आज तसं पाणी भरणारा बागायतदार शोधावा लागेल. तरीही पाणी खोल गेलं. कारण ठिबकमुळे वाचलेलं पाणी जमिनीत राहिलंच नाही, ते शेजारच्या कोरडवाहू तुकड्यावर गेलं. दोन एकर बाग होती, ती पाच एकर झाली. यात कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. पोरांची शिक्षणं, घरावरचा स्लॅब, मुलींची लग्नं, सगळं त्या वाढलेल्या तीन एकरांनी केलं. माझं कॉलेजही त्यातलंच. पण पाण्याच्या बाजूने पाहिलं तर बचत झाली नाही, खर्चाची जागा बदलली.

मोटार काढायला माणसं येतात तेव्हा शिवारात काय चालतं ते बाहेरच्या माणसाने एकदा पाहायला हवं. ट्यूबवेलवर तीन पायांचा लोखंडी सांगाडा उभा राहतो, त्याला चेनकप्पी. वीस-वीस फुटांचा एकेक पाइप वर येतो, क्लॅम्प आवळतात, सांधा सोडवतात, पाइप बाजूला रचतात. वरचे पाइप कोरडे, आत-बाहेर गंजलेले. सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते : ओला पाइप कितवा येतो. आजूबाजूचे शेतकरी कामं सोडून तेवढं पाहायला येतात, कारण त्यांच्या ट्यूबवेलचं पाणीही त्याच थरातलं. गेल्या वेळेपेक्षा ओल दोन पाइप खाली गेली असेल तर कोणी फार बोलत नाही. मालक म्हणतो, ‘अजून दोन टाका.’ पाइप वाढवला की बाग वाचते. पुढच्या काढणीपर्यंत तो विषय संपतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा एक पट्टा आहे. डोंगरातून येणाऱ्या सुकी, मोर, अनेर अशा नद्या तिथे पाणी जिरवतात आणि ते पाणी खाली तापीच्या गाळाच्या जमिनीत उतरतं. शेकडो वर्षांत भरलेला हा साठा आपण दोन-तीन पिढ्यांत उपसत आणला. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अहवालांत अतिशोषित म्हणून नोंदले गेले. आमच्याकडे त्याला सरळ ‘डार्क झोन’ म्हणतात. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम साठ मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घेऊ नये असं सांगतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटांवर थांबलेली ट्यूबवेल दाखवा म्हटलं तर माणूस विचारात पडेल.

हे वाचून शहरातला वाचक म्हणेल, शेतकऱ्यांना पर्यावरणाची पडलेलीच नाही. मला हे मत साफ चुकीचं वाटतं, आणि हा लेख लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी. माझं माहेर केळीच्या पट्ट्यातलं, सासर धुळे जिल्ह्यात पांझरेकाठचं. दोन्हीकडची माणसं मी जवळून पाहते. नियम जिथे त्यांच्या हातात होता तिथे त्यांनी तो इतका काटेकोर पाळला की सरकारी खात्यांना जमू नये.

पांझरेवरची फड पद्धतच घ्या. काही शतकांची ही व्यवस्था. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एकच पीक. ऊस कुठे, भुसार कुठे हे एकट्याने ठरवायचं नाही, सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी पाटकरी देणार. स्वतःच्या शेताला स्वतः पाणी धरायचं नाही, मग तुम्ही गावचे पाटील का असेना. पिकाची राखण जागल्याकडे, सगळ्यावर देखरेख हवालदाराची. पाऊस कमी झाला की पंच बसायचे आणि यंदा कोणता फड पडीक ठेवायचा ते ठरवायचे. प्रत्येकाचा तुकडा बहुतेक सगळ्या फडांत असल्यामुळे झळ सगळ्यांना थोडी थोडी लागायची, एकटा कोणी उघडा पडायचा नाही. माझे सासरे याबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक ताठपणा येतो. ‘पानी कमी व्हतं, पन भांडन कमी व्हतं,’ असं ते म्हणतात. भांडणं मुळीच नव्हती असं नाही. पण भांडण कुठे न्यायचं ते माहीत होतं.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचंही तसंच. उजाड झालेला डोंगर गावाने राखायला घेतला. कुऱ्हाडबंदी, झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीच्या पाळ्या. जंगल परत आलं, विहिरींना पाणी आलं, आणि आता तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, ती पाहायला लोक लांबून येतात. हे काम पुढे नेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते, काही नातं नसताना. दंड भरणारा आणि दंड घेणारा एकाच पाड्यावर राहतो, एकाच लग्नात जेवतो. म्हणून तो दंड चालतो.

आता बाजाराकडे या. केळीचा व्यापारी पूर्वी बागेत यायचा, घड पाहायचा, भाव बोलायचा, ट्रक भरून दिल्लीकडे. मागच्या काही वर्षांत आखाती देशांकडे जाणारा माल वाढला, तशी बागेची सगळी रीतच बदलली. घड निसवला की त्यावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी. फण्यांच्या मध्ये फोम, म्हणजे एका केळाचा दुसऱ्याला ओरखडा नको. कापणीला एक जण खाली खांद्यावर गादी घेऊन उभा, घड जमिनीला टेकता कामा नये. बांधावरच टाक्या लावलेल्या, तुरटीच्या पाण्यात फण्या धुतात, चीक जातो. मग वजन, तेरा किलोची पेटी, आतली पिशवी हवा ओढून बंद. युरोपकडे जायचं म्हटलं तर आणखी पुढे : कोणतं औषध कधी फवारलं, किती दिवसांनी कापणी केली, औषधांचे डबे कुठे ठेवले, सगळ्याची वही. फळात औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला तर माल परत.

माझ्या चुलत भावाने सातवीनंतर वही हातात धरली नव्हती. तो आज फवारणीची तारीख, औषधाचं नाव, मात्रा आणि मजुराचं नाव रोजच्या रोज लिहितो. कारण समोरचा विचारतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात पेटीमागचे पैसे आहेत. त्याला उपदेश कोणी केला नाही. कापसातही जिनिंगशी जोडलेल्या गटांच्या नोंदवह्या गावात येऊ लागल्यात : खत किती, पाणी किती, फवारणी किती. तिथे मात्र शेतकऱ्याचा उत्साह लवकर मावळतो. काट्यावर वही भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला भाव एकच. विचारपूस झाली पण मोल झालं नाही, की माणूस दुसऱ्या वर्षी वही चुलीजवळ ठेवतो.

या सगळ्या विचारपुशीत एक भोक आहे आणि मला ते फार खुपतं. परदेशातला घेणारा केळावर डाग आहे का विचारतो, औषधाचा अंश विचारतो. केळ कोणत्या पाण्यावर वाढलं हे आमच्या बांधावर अजून कोणी नेटाने विचारलेलं मी पाहिलं नाही. स्कर्टिंग बॅगा कापणीनंतर बांधावर जाळल्या जातात, तो धूर पेटीत जात नाही, म्हणून तोही कोणी विचारत नाही. देशातल्या कंपन्यांचंही तसंच. बाजारभांडवलाने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. चांगलं पाऊल आहे. पण तो अहवाल वाचणारा गुंतवणूकदार मुंबईत बसतो, आणि पाइप इकडे वाढतात. नफ्यातला दोन टक्के सामाजिक खर्च नाला खोलीकरणावर होतो, त्याने पाणी जिरतं, शिरपूर तालुक्यात अशा कामांनी विहिरी जिवंत झाल्या हे आपण पाहिलं आहे. जिरवण्याला सगळे तयार असतात. उपशाचं नाव काढलं की बैठक संपते.

मग राहिलं मत.

१३ मे २०२४ ला जळगाव आणि रावेरला लोकसभेचं मतदान झालं. मे महिना, म्हणजे रांगेत उभ्या माणसाला हवामानबदल समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या दीड-दोन महिने आधी, २१ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा नागरिकाचा हक्क आहे. केळी उत्पादकाइतका हा निकाल दुसऱ्या कोणाच्या कामाचा? मी ऐकलेल्या एकाही सभेत त्याचा उल्लेख झाला नाही. ना व्यासपीठावरून, ना खालून.

खालून काय मागितलं जातं ते सांगते. फळपीक विम्याचे पैसे वेळेवर द्या. तापीवरचं पाडळसे धरण पूर्ण करा. गिरणा नदीवर सात बलून बंधारे, म्हणजे हवा भरून फुगवायचे रबरी बंधारे, बांधा. मेगा रिचार्ज, म्हणजे तापीचं पाणी जमिनीत जिरवण्याची योजना, करा. विजेचं बिल माफ करा. धुळ्याकडे एका म्हाताऱ्या बाबांनी प्रचाराच्या गाडीपुढे हात आडवा धरून सांगितलं होतं, ‘आमले पानी दखाडा, मंग मत मांगा.’ यातली एकही मागणी मला गैर वाटत नाही. बलून बंधाऱ्यांचं नाव ऐकत एक पिढी म्हातारी झाली. मेगा रिचार्जसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा करार १० मे २०२५ ला झाला, तो झाला म्हणून मला मनापासून आनंद आहे; सातपुड्याच्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्यातच पाणी सोडायची ती कल्पना आहे, आणि आमच्या भूगोलाला ती शोभते.

विम्याचीही एक गंमत वाटावी अशी खरी गोष्ट आहे. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर सलग काही दिवस पारा ठरावीक अंशांच्या वर गेला तर भरपाई मिळते. त्यामुळे मे महिन्यात चहाच्या टपरीवर आमची माणसं अर्ध्या-अर्ध्या अंशावर वाद घालतात. शेजारच्या मंडळात काल किती होतं, आपल्या केंद्राचं यंत्र सावलीत तर नाही ना, सगळं त्यांना ठाऊक. तापमान ज्यांच्या बँकेच्या पासबुकात येतं त्या माणसांना हवामानाची जाणीव नाही असं कोणी म्हणू नये.

जाणीव आहे. मागण्या मात्र सगळ्या आणण्याच्या आहेत. आहे ते राखण्याची मागणी मतपेटीपर्यंत पोचत नाही. धरणाचं उद्घाटन होतं, बंधाऱ्यावर पाटी लागते, माफ झालेलं बिल दिसतं. जमिनीखाली दोन पाइप वर आलेल्या पाण्याचा नारळ कुठे फोडणार? राज्याने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली. रात्री-अपरात्री थ्रीफेज आल्यावर साप-विंचवातून मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाचं ओझं थोडं हलकं झालं, हे मी नाकारणार नाही. सौरपंपाने तर रात्रीचं जागरणच संपवलं, कोळसाही वाचला. साक्रीच्या माळावर सौर प्रकल्प आणि पवनचक्क्या उभ्या आहेत, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेशेजारी राहणाऱ्याला त्यांचं मोल वेगळं सांगायला नको. पण दिवसभर फुकट चालणारी मोटार बंद करायचं कारण काय उरलं? राजधानीतून पाहिलं तर तो पंप हिरवा आहे. आमच्या ट्यूबवेलमधून पाहिलं तर तो आणखी एक पाइप आहे. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र बोलणारा उमेदवार मला अजून भेटलेला नाही.

वाळूबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर लिहायला लागले की हात थरथरतो. गिरणेची वाळू रात्रभर जाते. ज्या वाळूत पुराचं पाणी थांबून काठच्या विहिरींत जायचं, ती गेली की नदी नुसती वाट उरते. गावात डंपर कोणाचे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि प्रचारात गाड्या कोणाच्या फिरतात हेही.

केंद्राच्या अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्यातली काही गावं आली. त्यात गावाने स्वतःच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. पाऊस किती पडला, जिरला किती, वाहून गेला किती, पिण्याला किती, जनावरांना किती, कोणत्या पिकाला किती, आणि शेवटी शिल्लक किंवा तूट. काही गावांत हा ताळेबंद भिंतीवर रंगवला आहे, निळ्या चौकटीत, पिकांच्या नावांसह. माझ्या मते गेल्या काही वर्षांत गावाच्या भिंतीवर लिहिली गेलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. फडाचे पंच जे डोक्यात ठेवून ठरवायचे ते इथे रंगाने लिहिलं आहे. फरक एकच : पंच त्यावरून एक फड पडीक ठेवायचे. भिंतीवरच्या तुटीवरून कोणाची एक गुंठाही बाग कमी झालेली नाही, कारण कमी कोणी करायची हे ठरवणारं कोणी नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या वेळी अशाच एका भिंतीसमोर कॉर्नर सभा झाली. माझी वहिनी बचत गटाच्या बायांबरोबर पुढे बसली होती. उमेदवाराचं भाषण संपलं, प्रश्न विचारा म्हणाले, एरवी कोणी विचारत नाही. वहिनी उठली. म्हणाली, ‘दादा, पाणी आणणार ते समजलं. पण या भिंतीवर तूट लिहिली आहे, तिचं काय करायचं? आहे त्या पाण्याचं कोण बघणार?’ उमेदवार भला माणूस, त्याने मागे वळून भिंत वाचली. मग म्हणाला, ताई, धरण झालं की तूट राहणारच नाही. टाळ्या पडल्या. वहिनी खाली बसली नाही. ती म्हणाली, ‘आणि धरण होईपर्यंत?’ यावर उत्तर आलं नाही, पण सभेतून परतताना तीन-चार बागायतदार तोच प्रश्न एकमेकांना विचारत होते, हे माझ्या भावाने मला फोनवर सांगितलं.

त्या संवादानंतर माझं मत पक्कं झालं. परदेशातल्या घेणाऱ्याने विचारलं म्हणून माझा भाऊ वही लिहू लागला. उमेदवारालाही विचारल्याशिवाय तो लिहिणार नाही. आणि विचारणं म्हणजे ‘पर्यावरणासाठी काय करणार’ असं गुळमुळीत नव्हे, त्याला प्रत्येक पक्षाकडे झाडं लावण्याचं उत्तर तयार असतं. विचारायचं ते असं : आमच्या गावाची तूट पाच वर्षांनी किती असेल? नवी ट्यूबवेल घेताना ग्रामसभेला विचारलं जाईल का? जो बागायतदार एक एकर केळी सोडून हरभरा घेईल त्याला फरकाचे पैसे कोण देणार? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्या शेतकऱ्याने बाग कमी करायची म्हणजे त्याने तोटा सोसायचा आणि शेजाऱ्याने त्याचं पाणी उपसायचं. फडात झळ वाटली जायची म्हणून लोक तयार व्हायचे. जमिनीखालचं पाणीही एकाच थरातलं आहे, मग झळ वाटून घेण्याचा नियम तिथे का होऊ नये? तो कोणी वरून लादला तर मोडला जाईल. गावाने केला आणि सरकारने त्यामागे पैसे उभे केले तर चालेल, असं मला बारीपाडा आणि पांझरा पाहून वाटतं.

माहेरी आता एक छोटी गोष्ट चालू झाली आहे. बचत गटाच्या बायांनी ग्रामसभेत अर्ज दिला, की दर महिन्याला गावातल्या काही विहिरींची पाणीपातळी मोजून ती त्या भिंतीवर ताळेबंदाखाली लिहायची. टेप गावातल्या शाळेच्या गुरुजींनी दिली, मोजणार नववी-दहावीची मुलं. ग्रामसेवकांनी रंगाचा खर्च मान्य केला. उमेदवार पुढच्या वेळी येतील तेव्हा भिंतीवर महिन्यामहिन्याचे आकडे असतील आणि वहिनी पुन्हा उभी राहणार आहे, तसं तिने आधीच जाहीर केलंय.

आमच्या शेजारच्या काकांनी त्यांच्या जुन्या विहिरीत टेप सोडायला होकार दिला. ट्यूबवेलचं माप मात्र ते द्यायला तयार नाहीत. ‘विहीर गावाची समज पोरी, ट्यूबवेल माझी हाये,’ असं म्हणाले. वहिनीचं त्यांच्याशी बोलणं चालू आहे.